सात नंबरचा पेशंट

१४ नोव्हेंबर २०२२

पटेरिया सरांनी केबिनमध्ये बोलावलं तेव्हा वाटलं, कुठल्या तरी डॉक्टरनं माझी तक्रार केली. बारा वर्षं सपोर्टच्या फोनवर बसलेल्या बाईला बोलावणं येतं ते त्यासाठीच. पण सरांनी चहा मागवला आणि विचारलं, "प्रतिमाजी, आप तो पहले प्रोग्रामिंग में थीं ना?"

होते म्हटलं, मागच्या जन्मी.

आमचं सॉफ्टवेअर कटनी-मंडल्यापर्यंतच्या छोट्या नर्सिंग होममध्ये चालतं. कोण भरती झालं, कुठल्या बेडवर आहे, त्याला जेवायला काय द्यायचं, डिस्चार्ज कधी. हे मूळचं लिहिलं तिघांनी. त्यातले दोघं बेंगळुरूला गेले आणि मी फोनच्या खुर्चीत गेले. आता त्याचं नवं व्हर्जन करायचंय आणि जुन्याच्या पोटात काय आहे ते ठाऊक असलेली राइट टाउनच्या या ऑफिसात मी एकटीच उरलेय. तीन महिने बघू म्हणाले सर, नाही जमलं तर फोन आहेच.

आईला सांगितलं. "चांगलं झालं बाई," ती म्हणाली, "सुटली तू त्या फोनापासून."

सुटायला मला कोणी बांधलं नव्हतं. सपोर्टचं काम मीच मागून घेतलं होतं.

१७ नोव्हेंबर

माझ्या खुर्चीत विभावरी नावाची मुलगी आलीय. घरी मराठी, पण बोलताना तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरते. हुशार आहे. फोन मात्र तिसऱ्या रिंगला उचलते. मी आतल्या खोलीत काम करत होते आणि एक रिंग, दोन रिंग ऐकून माझा हात आपोआप टेबलावर फोन शोधायला लागला.

शेवटी बाहेर जाऊन सांगितलं, पहिल्या रिंगलाच उचलायचा. आणि पलीकडून कोणी बोललं नाही तरी लगेच ठेवायचा नाही, थोडं थांबायचं.

"काहून दीदी? ब्लँक कॉल असते ना तो."

"असू दे. थांबायचं."

नियम आहे म्हणून सांगितलं. असा नियम कुठे लिहिलेला नाही हे तिला कळायला वेळ लागेल.

२३ नोव्हेंबर

पहिला आठवडा नुसता लाज वाटण्यात गेला. शेजारची पोरं जे दोन ओळींत लिहितात ते मी वीस ओळींत लिहायचे. पण आज जुना प्रोग्राम उघडला आणि बरं वाटलं. माझंच लिहिलेलं, माझ्याच खोडी. आता दाखवायची सोय नाही, पण तेव्हा मी चांगलं लिहीत होते.

मग टेस्टिंगचा डेटा उघडला. आमच्या धंद्यात रीत आहे, प्रोग्राम चालतो का बघायला खोटे पेशंट भरती करायचे. नावं सुचत नाहीत म्हणून घरच्यांची घालायची. मी आईला बाळंतपणासाठी भरती करून जुळं दिलं होतं. फॅक्टरीत एक दिवस रजा न घेतलेल्या बाबांची किडनी दोनदा काढली होती. घरी येऊन सांगितलं की हसून हसून पुरेवाट. सुगतला बेड सात दिला, जनरल वॉर्ड, ताप, मीठ कमी. तो भांडला होता, मीठ काहून कमी, तापात मीठ कमी करतात का? डॉक्टर बनली का तू?

बाकी सगळ्यांना मी डिस्चार्ज दिलेला. सुगतचा तपासायचा राहून गेला, कारण मध्ये तो मार्च आला. २०१०चा. पुण्याला इंटरव्ह्यूला म्हणून माझा भाऊ गाडीत बसला. इटारसीहून त्यानं ऑफिसच्या नंबरवर फोन केला. मी आतल्या खोलीत होते. ज्यानं उचलला त्यानं "मॅडम काम में हैं" सांगून ठेवून दिला. सुगत पुण्याला पोहोचला नाही. पोलीस, रेल्वे, वर्तमानपत्रात फोटो, सगळं झालं. अजून काही कळलेलं नाही. त्याच वर्षी मी सपोर्टला गेले. तिथे वेळ ठरलेली असते, घरी लवकर येता येतं.

प्रोग्राम जन्मतारखेवरून वय काढतो. स्क्रीनवर होतं: सुगत देवीदास, पुरुष, वय ३६, बेड ७, भरती आहे.

छत्तीस. मी त्याला चोवीसच्या पुढे पाहिलेलाच नाही. संध्याकाळपर्यंत ती स्क्रीन मी बंद केली नाही, बाजूला ठेवून काम करत राहिले. खरं सांगायचं तर सोबत वाटली.

२ डिसेंबर

थंडी पडली. घरी आले तर गल्लीच्या तोंडाशी फळवाल्याच्या अंगात सुगतचं निळं स्वेटर. आईनं देऊन टाकलं. मी पैसे देऊन ते परत घेतलं आणि धुवून पेटीत ठेवलं. आई दारातून बघत होती. वय झालं, विसरायला लागलीय. तिच्यासमोर सुगतचा विषय मी काढत नाही, तिला सोसत नाही.

६ डिसेंबर

सकाळी विहारात गेलो. वंदना झाल्यावर आई भंतेजींच्या जवळ जाऊन हळू काही विचारत होती. घरी येताना ऑटोत म्हणाली, "तुह्या बाबाच्या फोटोबाजूनं जागा आहे भिंतीवर. सुगतचा बी लावू का?"

मी म्हटलं, "जिवंत माणसाचा फोटो असा लावतात का आई?"

ती रस्त्याकडे बघत बसली. मला वाईट वाटलं, पण कोणीतरी तिची आशा जागी ठेवायला हवी.

९ डिसेंबर

नव्या व्हर्जनमध्ये जुना टेस्टचा एकही पेशंट जाता कामा नये, सरांची ताकीद. पुसायचा प्रोग्राम लिहिला. आई गेली, बाबा गेले, त्या दोघा बेंगळुरूवाल्यांची खानदानं गेली. सुगतवर आल्यावर हात थांबला.

पुसणं म्हणजे डिस्चार्जसुद्धा नव्हे. हा माणूस कधी आलाच नव्हता, असं.

एक नोंद तपासायला हाताशी असलेली बरी, असा विचार करून त्याला वगळायची एक ओळ घातली. 'टेस्ट' नावाचा वॉर्ड केला, जो कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही, आणि त्यात त्याला ठेवला. कोणाला त्रास नाही. सगळीच पोरं अशा ओळी ठेवतात.

२८ डिसेंबर

नवं व्हर्जन गढ्याच्या एका नर्सिंग होममध्ये बसवलं. आमच्या घरापासून ऑटोनं जवळ. पहिला पेशंट भरती झाला, बेड मिळाला, जेवणाची यादी छापून आली, सगळं पहिल्या फटक्यात. पटेरिया सरांनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. विभावरीला घेऊन सदर बाजारात गेले, तिला चाट खाऊ घातली, मीही दोन प्लेट हाणल्या. बेचाळिसाव्या वर्षी माणूस पुन्हा कामाचा होऊ शकतो. हे वाक्य लिहून बघायचं होतं, लिहिलं.

४ जानेवारी २०२३

विभावरी आत आली. "दीदी, ते गढ्यावाले म्हणून राहिले की सात नंबर बेड खाली आहे, पण कॉम्प्युटर भरा हुआ दाखवते."

"बंद करून चालू करायला सांग."

बारा वर्षं हेच सांगत आले, तोंडात बसलंय. तिनं सांगितलं, फोन बंद झाला. कॉल मिटला.

९ जानेवारी

मिटला नव्हता. आज पुन्हा फोन. त्यांची जेवणाची यादी कॉम्प्युटरमधून निघते आणि तिच्यात सात नंबरचं नाव येतं. स्वयंपाकघर यादी बघून ताट काढतं. रोज दुपारी एक ताट त्या रिकाम्या बेडजवळ जाऊन ठेवलं जातं आणि तसंच परत येतं. विभावरीला हसू आवरेना.

मीही हसले. मग विचारलं, "ताटात काय असतं?"

"दीदी?"

"विचार त्यांना."

तिनं विचारलं. मूग डाळ, दोन रोट्या, लौकीची भाजी. मीठ कमी.

लौकी त्याला आवडत नाही. ताट परतच येणार.

माझा डबा मी उघडला नाही.

११ जानेवारी

बघून येते म्हणून गढ्याला गेले. कारण काय आहे ते निघतानाच ठाऊक होतं. जुना प्रोग्राम वॉर्ड आणि बेड दोन्ही बघायचा. नव्यात मी सोपं व्हावं म्हणून नुसता बेड नंबर ठेवला. टेस्ट वॉर्डातला सात म्हणजे खरा सात. दहा मिनिटांचं काम.

पुरुषांचा वॉर्ड लांबट आहे, खिडकीजवळ सात नंबर. चादर नीट ओढलेली. स्टुलावर ताट, झाकलेलं. मरावी सिस्टर तिथल्या मुख्य, मंडल्याच्या. त्यांना म्हटलं, बेड रिकामा आहे तर कोणाला झोपवत का नाही? त्या म्हणाल्या, "डॉक्टर साहब का सख्त हुकम है दीदी. जो नाम कंप्यूटर में, वही उस बेड पर. एक बार दवाइयाँ बदल गई थीं."

सातच्या शेजारी जमिनीवर गादी टाकून एक म्हातारे झोपले होते. गणपतराव, सिवनीकडचे. त्यांची बायको कलावतीबाई उशाशी बसून पाय दाबत होत्या. मी मराठी बोलते कळल्यावर त्यांना केवढा आनंद झाला. "फरशी लय थंडी आहे बापा," त्या म्हणाल्या, "पण या पलंगाचा पेशंट येणार आहे म्हणते. त्याचं जेवण बी येऊन राहिलं रोज. कोण आहे व तो? मोठा माणूस आहे काय?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"घरचे वाट पाहत असतील त्याचे," त्या म्हणाल्या.

ताट न्यायला आलेली बाई माझ्याकडे बघायला लागली तेव्हा कळलं, मी त्या बेडच्या कडेवर बसले होते. उशीवर मध्यभागी खोलगट झालं होतं. कोणी तिथे कपड्यांचं गाठोडं ठेवलं असेल. तसंच असणार. पण मी त्यावर हात ठेवला आणि उशी थंड नव्हती. असं मला वाटलं. हे लिहितानाही अंगावर काटा येतोय, आणि तरी लिहिते की मला भीती वाटली नाही. किती तरी वर्षांनी मी त्याच्याजवळ बसले होते.

सिस्टरना सांगितलं, दोन दिवसांत होऊन जाईल.

१४ जानेवारी

झालं नाही. रोज ती ओळ उघडते आणि बंद करते.

आज ब्लँक कॉल आला होता. विभावरीनं दोनदा हॅलो म्हणून ठेवून दिला. मी तिच्यावर एवढी ओरडले की सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी. नंतर तिला तिळाची वडी दिली. तिनं घेतली, पण खाल्ली नाही.

१७ जानेवारी

गणपतरावांना काल मोठ्या दवाखान्यात हलवलं. न्यूमोनिया. विभावरीनं सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती.

पटेरिया सर आले. त्यांच्या हातात गढ्याची यादी. "ये सुगत देवीदास कौन है?"

"टेस्ट डेटा, सर. राहून गेला."

सर माझ्यावर नाही, विभावरीवर भडकले. चौथ्या तारखेपासून शिकायत आहे, वर का कळवली नाही, बंद-चालू करायला कोणी सांगितलं? तिनं माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं. आणि मी? मी माझ्या स्क्रीनकडे बघत बसले. एक बाई नवऱ्याला घेऊन थंड फरशीवर बसली होती, एक पोरगी माझ्या वाटची बोलणी खात होती, आणि मी कोणाला राखून बसले होते? शरम वाटते. दुसरा शब्द नाही.

१८ जानेवारी

ऑफिसला गेले नाही. सकाळी आई भाजी निवडत होती, तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. टेस्ट पेशंट म्हणजे काय इथपासून. मला वाटलं तिला झीट येईल, पाणी जवळ ठेवलं होतं.

तिनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "आन् ते ताट? कोणी जेवत नाही?"

"नाही."

"रोज फेकते?"

"हो."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तो आला असता तर आला असता ना बाई आतापर्यंत. तुह्या बाबाले बी समजलं होतं. जाताना मले म्हणे, पोरीले घाई नको करू."

मी म्हटलं, "मग तू काही बोलली काहून नाहीस?"

"तू त्या फोनाजवळ बसली राहे. मी काय बोलू? मी तुह्यासाठी थांबली होती."

बारा वर्षं मी हिला जपतेय असं समजत होते. मी रडले, मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल इतकं. आईनं भाजीचे हात पदराला पुसले आणि माझ्या पाठीवर ठेवले. "लोकाच्या पलंगावर नको ठेवू आपल्या पोराले," ती म्हणाली. "घेऊन ये त्याले."

१९ जानेवारी

आधी सरांकडे गेले. सांगितलं की चूक राहून गेलेली नव्हती, ठेवलेली होती. सुगत कोण तेही सांगितलं, बंद-चालू कोणी करायला सांगितलं तेही. सर बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत राहिले. शेवटी म्हणाले, "प्रोग्रामिंग में रहिए. लेकिन अब से आपका लिखा हुआ पहले विभावरी देखेगी. वो पास करेगी तब बाहर जाएगा." विभावरीची माफी मागितली. ती म्हणाली, "दीदी, आप बता देतीं ना." एवढंच.

मग सुगतची नोंद उघडली. पुसता आली असती, पण मला त्याला पुसायचं नव्हतं. डिस्चार्ज द्यायचा होता. त्यासाठी कारण निवडावं लागतं, आणि ती कारणं मीच कधीतरी लिहिलेली. बरा होऊन घरी. खोटं. मृत्यू. त्याला तारीख-वेळ लागते, डॉक्टरचं नाव लागतं, माझ्याकडे यातलं काहीच नाही. न सांगता गेला. यावर बराच वेळ बसले. राग होता त्याच्यावर, हे मला तेव्हाच कळलं. पण तो गेला ते वेगळं. इथून तो थोडाच आपणहून जात होता?

शेवटचं होतं, नातेवाईकांच्या विनंतीवरून. ते निवडलं. स्क्रीनवर सात नंबर मोकळा झाला.

वगळायची ओळ काढली आणि विभावरीला बघायला दिली.

२० जानेवारी

मरावी सिस्टरांचा फोन आला. विनंतीवरून डिस्चार्ज दिला की तिकडे पर्चा छापला जातो आणि त्यावर घरच्यांची सही घेतल्याशिवाय नर्सिंग होमची फाइल बंद होत नाही. हेही मीच लिहिलेलं. त्या चाचरत म्हणाल्या, "दीदी, इसका क्या करूँ? फाड़ दूँ?"

मी आईला विचारलं. तिनं इस्त्रीचं लुगडं काढलं.

वाटेत मोठ्या दवाखान्यात गेलो. गणपतरावांचा ताप उतरलाय, पण श्वास अजून जड आहे. कलावतीबाईंना मी सांगितलं की तो बेड माझ्यामुळे अडला होता. त्यांना नीट कळलं नसावं, किंवा कळलं असेल. त्या तोंड फिरवून नवऱ्याचं पांघरूण सारखं करत राहिल्या. आईनं आणलेली फळं तिथेच ठेवून आम्ही निघालो. उद्या मी परत जाणार आहे, बोलल्या नाहीत तरी.

मग गढ्याला. सात नंबरवर एक तरुण मुलगा झोपला होता, पायाला प्लास्टर. आई त्याच्याकडे बघत क्षणभर थांबली आणि पुढे टेबलाशी गेली. सिस्टरनी पर्चा समोर केला. आईला लिहायला वेळ लागतो. तिनं एकेक अक्षर काढत सही केली, कुसुम देवीदास. नातं या जागी आई असं लिहिलं. पेन परत दिलं.

मग सिस्टरना विचारलं, "इतके दिवस होता तुमच्याकडे. कोणाले तरास तर नाही दिला ना त्यानं?"

मरावी सिस्टर माझ्याकडे बघायला लागल्या. मग आईच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "नहीं अम्मा. बिल्कुल नहीं. बहुत अच्छे से रहा."

आईनं मान हलवली. "चल," मला म्हणाली, "घेऊन जाऊ."

बाहेर येऊन आम्ही ऑटो केली. ऑटोत आई एका कडेला सरकून बसली, मी दुसऱ्या. मधली जागा घरापर्यंत आम्ही तशीच ठेवली.